नवऱ्याच्या तोंडातली लिमलेट

दिल्लीत येऊन तेवीस वर्षं झाली, पण घराबाहेर माझ्या वतीनं बोलायचे ते हेच. डॉक्टरांनी मला "कहाँ दर्द है?" विचारलं, तरी उत्तर ह्यांचं. खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं. माझी हिंदी ऐकून लोक हसतील, ही धास्ती.

मग सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं. माहेरी-सासरी कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वाचणं-लिहिणं जमलं, पण आपल्या प्रकल्पावर वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं होतं. नाही बोललं, तर नापास.

"मी सोडूनच देते," मी म्हटलं.

"अगं, मी येतो ना सोबत."

"तुम्ही सोबत असता, म्हणूनच तर मी मुकी झाले!"

वाटलं, हे चिडतील. पण नाही. रविवारी मला सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन गेले. तिथून आणलेल्या स्वेटरला भोक निघालं होतं. तो मीच बदलून आणायचा, असं ह्यांनी ठरवलं. स्वतःच्या जिभेवर भरवसा नव्हता, म्हणून ह्यांनी तोंडात लिमलेटची गोळी ठेवली.

"चेंज नहीं होगा," दुकानदार म्हणाला. शेजारी गोळी कडकड फुटली.

मी कशीबशी म्हणाले, "भैया, गला तो ऊपर है. फिर ये छेद किसके लिए?"

तो हसला. ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "भाईसाहब नहीं बोलते क्या?"

"आज छुट्टी पर हैं."

तो आणखी हसला, आणि हसत हसत स्वेटर बदलून दिला. लोक हसले तरी काम होतं, हे मला तेव्हा कळलं.

प्रकल्पाच्या दिवशी हे वर्गाच्या दाराशी उभे होते. सरांनी मला विचारलं, "आपका विषय?"

"घरेलू काम करनेवाली औरतें, सर!" दारातून आवाज आला.

अख्खा वर्ग हसला. तरी मी दारापर्यंत गेले, पर्समधली लिमलेट ह्यांच्या हातावर ठेवली आणि परत फिरले. "सर, विषय मेरा है. मैं बताती हूँ."

पाचाची सात मिनिटं झाली. शेवटी सरांनाच थांबवावं लागलं.

संध्याकाळी मयूर विहारला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या आंटींनी सवयीनं ह्यांनाच विचारलं, "भाईसाहब, कैसा रहा इनका?"

ह्यांचा एक गाल फुगलेला होता. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.