रखमाजी मास्तरांचा काचेचा सम्प

रखमाजी मास्तरांना मी नीट ओळखत होतो असं म्हणता येणार नाही. मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून, आणि भोरहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीवर ते कंडक्टर. वर्षानुवर्षं त्यांनी माझा पास पाहिला. निवृत्तीनंतर आमची घरं भोरात एकाच गल्लीत आली, मध्ये कमरेएवढी भिंत. तरी त्यांचे वडील काय करत, त्यांना झोप लागायची का, हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते भिंतीपलीकडून दिसलेलं, आणि तेही मी चांगल्या नजरेने पाहिलेलं नाही.

एसटीत त्यांचं राज्य असायचं. कोंबडी घेऊन चढलेल्या बाईला ते विचारायचे, "हिला खिडकी पायजे का, मावशी?" आणि अख्खी गाडी हसायची. मी बोलावं लागू नये म्हणून पास आधीच हातात धरून बसायचो. ते माझ्याजवळ आले की म्हणायचे, "झोपा भाऊसाहेब, वेल्हं आलं की उठवतो." गाडी पुन्हा हसायची. मी झोपलेला नसायचो.

माझ्याकडे माझं म्हणावं असं एकच होतं. आमच्या पुढच्या खोलीतली दोन फुटी काचपेटी आणि तिच्यातले गोल्डफिश. कचेरीत मला कोणी काही विचारलं तर ते शिक्का कुठे आहे एवढंच. पण गल्लीत कोणाचा मासा पोट वर करून तरंगायला लागला की लोक माझ्याकडे यायचे. क्वचित यायचे, पण यायचे. मी सांगायचो, ते ऐकायचे. मला तेवढं पुरत होतं.

मास्तर निवृत्त झाल्यावर एकदा आमच्याकडे चहाला आले आणि पेटीसमोर बसून राहिले. मासे काय खातात, पाणी कधी बदलायचं, सगळं विचारून गेले. थोड्याच दिवसांत त्यांच्या ओसरीवर चार फुटी पेटी आली. त्यात दुकानातले मासे नव्हते. मास्तर मूळचे हिर्डोशीचे. तिथल्या ओढ्यातले बोटभर मासे त्यांनी डब्यातून आणले होते. वाहत्या पाण्याचे मासे ते, साठलेल्या पाण्यात एकेक करून मरायला लागले. मास्तर आता मला विचारतील, म्हणून मी दोन दिवस अंगणात उगाच झाडांना पाणी घालत राहिलो. त्यांनी मोबाईलला विचारलं.

मोबाईलने त्यांना सम्प दाखवला. सम्प म्हणजे मोठ्या पेटीच्या खाली ठेवायची दुसरी काचपेटी. वरचं पाणी नळीने खाली पडतं, स्पंज आणि दगडगोट्यांमधून गाळलं जातं, आणि मोटर ते परत वर ढकलते. पाणी सतत फिरत राहतं. तयार सम्प आणायचा सोडून मास्तरांनी तो घरी करायला घेतला. शिवऱ्याला हायवेवरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून मिठाईचं जुनं काचेचं कपाट टेम्पोत घालून आणलं आणि ओसरीवर त्याच्या काचा कापायला बसले.

पहिल्या दिवशी दोन काचा तडकल्या. मला बरं वाटलं. पण गल्ली जमली ती हटेना. कोणी काच धरायला, कोणी नुसतं बसायला. सांध्यांना सिलिकॉन भरलं, चिकटपट्ट्यांनी पेटी बांधून ठेवली, वाळल्यावर पाणी भरलं तर एका कोपऱ्यातून गळायला लागलं. मास्तर ओरडले, "गाडी पंक्चर! सगळे खाली उतरा!" गळक्या पेटीभोवती इतकी माणसं हसताना मी कधी पाहिली नव्हती. माझी पेटी इतकी वर्षं एक थेंब गळली नाही, तिच्यासमोर कोणी हसलं नाही.

सरोज, माझी बायको, रोज संध्याकाळी तिकडे जायला लागली. येऊन सांगायची, आज गळती बुजवली, आज मधले काचेचे पडदे बसवले, आज नळी जोडली. आमच्या माशांकडे तिने इतक्या वर्षांत एकदाही निरखून पाहिलं नव्हतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "अहो, तुमचे मासे तुमच्यासारखेच. बोलत नाहीत." मी त्या रात्री जेवलो नीट, पण चव लागली नाही.

सम्प सुरू करायला त्यांनी दसरा निवडला. आम्हालाही बोलावलं होतं. काचेला झेंडूची माळ, मोटरला हळदकुंकू. मोटर सुरू झाली, पाणी वर गेलं आणि सम्पातली पातळी वीतभर खाली आली. मंगलवहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, ते बरं वाटेना. सणाच्या दिवशी पूजेचं भांडं अर्धं ठेवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. हिर्डोशीला घरात नवं भांडं आलं की ते काठोकाठ भरूनच पुजतात. लगेच कळशा आल्या आणि सम्प काठोकाठ भरला.

मला एक शंका आली. मोटर थांबली की वरचं जास्तीचं पाणी खाली येणार, मग ते मावणार कुठे? पण मी सम्प पहिल्यांदाच पाहत होतो. शिवाय ही शंका पाण्याची आहे की माझ्या जळण्याची, हे माझं मलाच कळेना. तरी मी पुढे होऊन म्हणालो, "मास्तर, लाईट गेली तर?"

आवाज बारीक निघाला. मास्तरांनी ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "भाऊसाहेब, आज दसरा हाय. आज लाईट बी सोनं वाटायला घरीच थांबंल."

सगळे हसले. सरोजही हसली. मी आपट्याचं पान घेऊन घरी आलो.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. पुढच्या गुरुवारी पंखा थांबला तेव्हा मी पेपर वाचत होतो. पेपर तसाच धरून कान तिकडे लावला. थोड्या वेळाने पलीकडे बादल्यांचा आवाज सुरू झाला. भिंतीवरून पाहिलं तर मास्तरांच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, त्यावर झेंडूच्या पाकळ्या, आणि मंगलवहिनी हातात फडकं घेऊन उभ्या. मासे वर सुखरूप होते. तेही मी आधी पाहिलं नाही, आधी पायऱ्याच पाहिल्या. फार दिवसांनी मला आतून गार वाटलं.

ते फार टिकलं नाही. गल्ली जमलीच, आणि मास्तर ओल्या धोतराने मध्ये उभे राहून सांगायला लागले, "भाऊसाहेब म्हनले व्हते. दसऱ्यालाच म्हनले. म्या ऐकलं न्हाई, चेष्टा केली." माझ्याकडे बोट करून सांगत होते. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळले, कारण ते आता पाणी कसं सुटलं त्याची नक्कल करत होते. बरोबर मी होतो. गर्दी त्यांच्या चुकीपाशी होती.

संध्याकाळी ते एकटे आमच्या दारात आले. आत यायला लाजल्यासारखे उभे राहिले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पानी किती कमी ठिवायचं, तेवढं येऊन सांगता का?" मी गेलो. मोटर बंद करायला लावली, सगळं पाणी उतरू दिलं, जादा झालेलं मगाने काढलं, पुन्हा मोटर सुरू केली. पातळी जिथे थांबली तिथे त्यांनी काचेवर लाल चिकटपट्टी लावली. त्या पट्टीला ते भाऊसाहेबांची रेघ म्हणायला लागले. पाहुण्यांना मासे दाखवण्याआधी रेघ दाखवायचे. लोक ती पाहायला त्यांच्याकडेच जायचे, माझ्याकडे नाही, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलं. पण दर बुधवारी ते भिंतीपाशी यायचे, आणि मी त्या वेळेला अंगणात असायचो.

या थंडीत ते गेले. एका शुक्रवारी, पहाटे, छातीत दुखून. त्याआधीच्या बुधवारी मी तुळशीला पाणी घालत होतो. भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, उद्या गुरुवार ना?"

"हो."

"लाईट जानार?"

"जाईल. पाणी रेघेवर आहे ना?"

"व्हय, रेघेवरच हाय."

"मग काही नाही," मी म्हणालो.