स्वतःच्याच बांधाची चोरी

आमच्या घरात रोज सकाळी दोन गोष्टी व्हायच्या: देवपूजा आणि बांधकऱ्याला शिव्या. पूजा कधीकधी राहून जायची.

बांधकरी म्हणजे ज्यांच्या आणि आमच्या रानात एकच बांध आहे ते तात्या. सासऱ्यांच्याच वयाचे, एकाच शाळेतून दोघंही पळून आलेले. दरवर्षी नांगरटीला तात्या बांधाचा एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, कोरत आणि सासरे आपल्या बाजूनं तसाच एक तास कोरून हिशेब फिटवत. बांध दोन्हीकडून खाल्ला जाऊन इतका बारीक झाला होता की त्यावरून शेळीसुद्धा विचार करून जायची.

लग्न होऊन मी कडेगाव तालुक्यात आले तेव्हा हे सगळं रीतसर चालू होतं. नवरा फौजेत. फोनवर त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "तू बघ." मग मी बघत गेले. रानातली, घरातली, कचेरीतली कामं कागदावर उतरवायची आणि एकेक खोडायची, ही माझी पद्धत. तशीच एकदा विहिरीवर सौरपंप बसवायचा ठरवला. त्यासाठी सातबाऱ्यावर विहिरीची नोंद हवी. इतक्या वर्षांत ती कुणी केलीच नव्हती. मी अर्ज दिला.

पाहणीला तलाठी आले. सरकारनं त्यांना आता लांबलचक नवं पदनाम दिलंय, पण उशिरा यायची पद्धत जुनीच ठेवलीय. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं, नकाशा उलगडला, पुन्हा विहिरीत पाहिलं.

"ताई, विहीर झकास हाय. पण ती तुमची न्हाई."

"म्हणजे?"

"कागदावर तुमचा गट त्यो पलीकडचा, वड्याकडचा. ह्यो गट बांधकऱ्याचा."

सासरे म्हणाले, "भाऊसाहेब, नकाशा उलटा धरलाय तुमी."

भाऊसाहेबांनी मुकाट्यानं नकाशा फिरवून दाखवला. विहीर काही हलली नाही.

सासऱ्यांनी पायातली चप्पल काढली. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी फक्त डावा पाय पुढं केला. त्या पायाला एक बोट कमी आहे. विहीर खोदताना यारीच्या दोरानं वर ओढलेला दगड सुटला आणि बोट घेऊन गेला. "माजं बोट हाय त्या हिरीत. तुमच्या कागदात हाय का?"

नव्हतं.

मी घरी येऊन ट्रंकेतलं खरेदीखत काढलं. आमच्याकडं दर दसऱ्याला खुरपं, विळा, नवऱ्याचा जुना फौजी पट्टा आणि हे खरेदीखत यांची पूजा होते. इतक्या दसऱ्यांचं हळदीकुंकू त्यावर साचलं होतं की शिक्के शोधावे लागले. पूजा सगळ्यांनी केली, वाचलं कुणीच नाही. आजेसासऱ्यांनी आणि तात्यांच्या वडिलांनी एकाच दिवशी एकाच मालकाकडून शेजारशेजारचे दोन तुकडे घेतले होते. दोघंही अंगठेबहाद्दर. एकाचा कागद दुसऱ्याकडं गेला आणि ज्यानं त्यानं मालकानं बोटानं दाखवलेलं रान कसायला घेतलं. आमच्या कागदात स्वच्छ लिहिलेलं: पूर्वेस ओढा. आमच्या रानाच्या पूर्वेला तात्या होते.

कडेगावला वकील गाठले. मी म्हटलं, "पण सातबारा तर आमच्या नावावर आहे."

"आहे की. त्या पलीकडच्या गटाचा. आणि सातबारा हा मुळात वसुलीचा कागद. मालकी सांगतं ते नोंदवलेलं खरेदीखत. तुमचं खरेदीखत एकदम पक्कं आहे, बाई. फक्त ते दुसऱ्याच्या रानाचं आहे."

"ताबा तर आमचाच आहे. दावा लावला तर?"

"लावा की. माझ्या धाकट्याचं शिक्षण अजून व्हायचंय."

मग त्यांनी सरळ रस्ता सांगितला. असे उलटसुलट ताबे वर्षानुवर्षं चालू असतील तर नाममात्र शुल्कात अदलाबदलीचा दस्त नोंदवता येतो. आधी जागेवर पंचनामा, मग दस्त. अट एकच, दोन्हीकडचे राजी हवेत. तात्यांनी नाही म्हटलं तर विहीर गेली, म्हणजे तिच्यावरचा आमचा ऊसही गेला.

मी कागद घेऊन तात्यांच्या गोठ्यात गेले. त्यांनी ऐकलं आणि खोकला लागेपर्यंत हसले.

"म्हंजे हीर माजी?"

"कागदावर."

"मग अदलाबदल कशाला? तुमी हिकडं या, आमी तिकडं येतो."

"तात्या, थट्टा नको."

"थट्टा न्हाई सूनबाई. तुज्या सासऱ्यानं भर जत्रंत, पालखीपुढं मला बांधचोर म्हणलं. पाव्हणंरावळं समदं ऐकत व्हतं. त्यो शब्द माघारी घिऊ दे, सवता येऊन. मग कुठं म्हणशील थितं सही करतो."

सासऱ्यांना सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "हीर गेली तर जाऊ दे. शबुद माघारी न्हाई."

"मग उसाला काय शिव्यांनी पाणी द्यायचं?"

यावर ते देवघरात जाऊन बसले. पूजेचं निमित्त माणसाला कधीही सापडतं.

मी दोघांनाही विचारत बसले नाही. पंचनाम्याची तारीख घेतली आणि तात्यांना एवढंच म्हटलं, सही करू नका, पण या तरी. ते आले. बांधावर दोन म्हातारे दोन दिशांना तोंडं करून उभे राहिले. मध्ये तलाठी आणि पंच. मी काठी घेतली आणि मातीत दोन चौकोन काढून मधे बांधाची रेघ ओढली.

"आबा, हा कसायला तुमच्याकडं, कागदावर तात्यांचा. तो त्यांच्याकडं, कागदावर तुमचा."

सासरे रेघेकडं बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे ह्यानं बांध कोरून माझ्यातलं नेलं, ते कुणाचं?"

"तात्यांचंच."

"आन गेलं कुणाच्यात?"

"कागदाप्रमाणं तुमच्यात."

सासऱ्यांनी हळूच मान वळवली. आयुष्यभर ज्याच्यावर नजर ठेवली त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "आरं गड्या, मग तू चोर कसला! चोराला डोकं लागतं. तू तर येडा हायस येडा! सोताचं कोरून मला देत व्हतास!"

"आन तू रं? तू काय येगळं केलंस?"

पंच खाली बघून हसू दाबत होते. शेवटी सासरे म्हणाले, "म्या बी येडाच. पर चोर न्हाईस तू. जत्रंत म्हणलो ते चुकलं."

तात्यांनी टोपी नीट केली. "भाऊसाहेब, कुठं करायची सही?"

दस्त नोंदवला, फेरफार झाला, विहीर सातबाऱ्यावर चढली. सौरपंप बसला. ऊन असलं की तो चालतो, आणि आमच्याकडं उन्हाची कमतरता नाही.

मग पुढची नांगरट आली. सासरे रानातून धापा टाकत घरी आले, चेहरा जावयासारखा खुललेला.

"सूनबाई, कोरला! एक तास आत आलाय! आता कसं, कागदाप्रमाणं चोर हाय!"

"आबा, मग कायमचंच मिटवू. सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घेऊ." मी अर्ज भरून त्यांच्यापुढं ठेवला. फक्त सही हवी होती.

त्यांनी अर्ज बराच वेळ वाचला. मग म्हणाले, चष्मा सापडत नाही, नंतर बघू. चष्मा नाकावरच होता. तसेच उठून ते बांधाकडं गेले, आपल्या बाजूचा एक तास कोरायला.

माझ्या कामांच्या कागदावरची बाकी सगळी कामं खोडून झाली. तेवढी एक सही राहिलीय.