तू तीच कशावरून?

नीरज, ईशा, आजोबा शांतपणे गेले असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते खरं नव्हतं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि ते नर्सला विनवत होते, "या बाईंना बाहेर काढा." महिना झाला. आता नीट लिहिते.

घुग्घुसच्या आमच्या घरात खिडक्या लावूनही कोळशाची धूळ येते. त्या धुळीत बसून आजोबांनी तीस वर्षं एकच रोमन ग्रंथ लॅटिनमधून वाचला. डोळ्यांना दिसतं ते ज्ञान म्हणायचं का, हा त्यातला वाद. दोन अंडी हुबेहूब सारखी असतील, तर हातातलं अंडं कालचंच कशावरून? बहुतेक अभ्यासक म्हणत, इतका संशय धरणाऱ्याला जगताच येणार नाही. आजोबांनी अर्थ वेगळा लावला. तो रोमन लेखक खात्री नाकारतो, व्यवहार नाही. जे पटण्याजोगं वाटतं, तेवढ्यावर माणूस चालतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी चहा नेला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू तीच कशावरून?" मी म्हटलं, "साखर कमी आहे, त्यावरून." ते खूप हसले. मग रोज सकाळी तेच... पुढे कधीतरी ते हसेनासे झाले. मला वाटलं, वय झालं.

एकदा तलावाची मासळी विकणारी पार्वता दारात बसली होती. आतून प्रश्न आला, मी हसत ठरलेलं उत्तर दिलं.

"बाई, काऊन हासून राह्यल्या? साहेब खरंच इचारून राह्यले."

"तुला त्यातलं काय कळतं? मासे तोल."

"नाई कळत. पन माह्या सासऱ्याचं असंच झालतं. डाक्टरले दाखवा."

उद्यापासून येऊ नकोस, असं मी तिला सांगितलं. डॉक्टरांकडे गेलो ते दोन वर्षांनी. "आधी का नाही आणलं?" त्यांनी विचारलं. तत्त्वज्ञान चाललंय असं वाटलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार...

परवा त्यांच्या टिपणांच्या वह्या तारखेप्रमाणे लावायला घेतल्या. एका वहीत, पार्वता बोलली त्याच्या वर्षभर आधीच्या पानावर, त्यांचं सुबक अक्षर: 'चहा आणणारी बाई आजही आली. पत्नी असावी. खात्री नाही. चहा घेण्यापुरतं पटण्याजोगं.'

त्याखाली दुसऱ्या दिवशीची ओळ: 'कोण आहे ते विचारलं. सांगत नाही. हसते.'

वही टेबलावरच आहे. वरची धूळ मी रोज पुसते.