नंबर नसलेली होडी

आमच्या नणंदोयांइतका संशयी माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "दोनच तालुके का, वयनी? भिवंडीत कोन हाय मंग?"

चहा पुढे आला की आधी वास घ्यायचे. बायकोने केलेला असला तरी, आणि मी केलेला असला तर दोनदा. खर्डीला रिक्षात बसण्याआधी रिक्षा कुठे जाते ते रिक्षावाल्याला विचारायचे, मग तेच आत बसलेल्या माणसाला विचारायचे, आणि दोघांची उत्तरं जुळली की पायी निघायचे. "दोगं एकच बोलतात, म्हंजे ठरवून बसलेत." लग्नाची पत्रिका घेऊन कोणी आलं तर त्यालाच विचारायचे, मला कशाला बोलावता म्हणून, आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या पंगतीला बसायचे, कारण मागच्या पंगतीच्या आमटीत पाणी ओततात. अशा माणसाबरोबर तीस वर्षं कशी काढलीस, असं मी नणंदेला एकदा विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "माज्यावर संशय घ्यायला त्यांना टाइमच मिलत नाय गो."

तर या माणसाची एक होडी होती. लाकडी, मागे इंजिन लावलेली. त्यांचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दोन हजार सालानंतर मुंबईची माणसं सुट्टीला तिकडे पाणी बघायला यायला लागली, आणि नणंदोई त्यांना पाण्यावर फिरवून आणू लागले. शेत म्हणून उरलं होतं ते डोंगराला लागून, नाचणीपुरतं. घर चालायचं ते होडीवर. मग कुठेतरी लांब, दुसऱ्याच पाण्यात एक बोट कलंडली आणि नणंदोयांना सरकारी पत्र आलं. माणसं फिरवणाऱ्या प्रत्येक बोटीची तपासणी होईल, नोंद होईल, बोटीवर नंबर रंगवला जाईल, बसणाऱ्या प्रत्येकाला तरंगणारं जाकीट द्यावं लागेल. दिवाळीपर्यंत हे झालं नाही तर बोट पाण्यात घालायची नाही.

ते पत्र त्यांनी उजेडात धरून पाहिलं. शिक्का ओल्या बोटाने घासून पाहिला. मग मला बोलावणं धाडलं, कारण नात्यातल्या बायकांत वाचणारी मी एकटी. शाळेत गेले नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. मी सगळं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले, "वाचलंत बराबर. पन लिवलंय तेच वाचलंत ना?"

जाकिटं मुंबईहून आणवली. त्यांतलं एक त्यांनी नणंदेच्या वरवंट्याला बांधून पाण्यात टाकलं. जाकीट वरवंट्यासकट तरंगत राहिलं. मी म्हटलं, "भावोजी, झालं समाधान?" म्हणाले, "वरवंटा हलका हाय," आणि पाटा बांधला. पाटा जाकिटाला घेऊन तळाला गेला. इतके खूश झालेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. "बगा. मी बोल्लो व्हतो." नणंद पुढे महिनाभर वाटण शेजारणीकडे वाटत होती.

तपासणीच्या दिवशी मीही तिथेच होते. साहेब तरुण, चष्मेवाले, घामाने डबडबलेले. त्यांनी होडीच्या फळ्या ठोकून पाहिल्या. नणंदोई त्यांच्या मागून त्याच फळ्या परत ठोकत गेले, साहेबांनी काही बिघडवलं का म्हणून.

"किती माणसं बसवता, काका?"

"आट."

"खरं सांगा."

"धा. पन बारीक असली तर."

साहेबांनी आठ लिहिलं. सगळं जमलं. मग पेंटर रंगाचा डबा घेऊन पुढे झाला, आणि नणंदोई जाऊन होडीच्या टोकावर, बरोबर नंबरच्या जागी, पाय खाली सोडून बसले.

"काका, उठा."

"नंबर नाय टाकायचा."

"मग बोट बंद करावी लागेल."

"करा."

करा म्हणाले खरे, पण दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून. नणंदेचा चेहरा उतरला. "बंद झाली तर खायाचं काय आमी?" मी म्हटलं, भावोजी, सगळ्यांच्याच बोटींना नंबर पडतो, तुमच्या एकट्याच्या नाही. तेव्हा ते कोणाकडे न बघता बोलले.

"धरान यायच्या आदी असाच मानूस आल्ता, डबा घेऊन. दाराला नंबर टाकला, गोठ्याला टाकला, आंब्यांना टाकला. बोल्ला, निसती नोंद हाय. ज्याच्यावर नंबर पडला त्यातलं एक बी वर रायलं नाय, साहेब. ही होडी मी मागून केली. हिच्यावर नंबर नाय, म्हनून ही वर हाय."

पेंटरने डबा खाली ठेवला. मी या माणसाची चेष्टा करण्यात निम्मं आयुष्य घालवलेलं. मला कुठे बघावं ते कळेना.

साहेबांनी वही मिटली. "काका, नियम माझ्या हातात नाही. पण नंबर पडला की पहिल्या फेरीला मी बसतो. आणि मला पोहता येत नाही."

नणंदोयांनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं. "हिरीत बी नाय येत?"

"नाही."

यावर मात्र त्यांचा विश्वास बसला. एवढी कमीपणाची गोष्ट कोणी खोटी सांगत नाही, असं पुढे नणंदेला म्हणाले म्हणे. ते उठले.

रंग वाळल्यावर साहेब बसले, आम्ही दोघी बसलो. जाकिटांच्या गाठी नणंदोयांनी स्वतः बांधल्या, ओढून पाहिल्या, सोडून परत बांधल्या. पाण्याच्या मध्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. नणंदेने डोक्यावरचा पदर सारखा केला, तेव्हा मला कळलं आपण कुठे आलो ते. साहेबांनाही कळलं असावं.

"घर इथंच होतं का?" त्यांनी हळू विचारलं.

"ही ओटी. गोठा तुमच्या मागं."

साहेबांनी खाली पाण्यात पाहिलं. मग वाकून पायांतले बूट काढले आणि बाजूला ठेवले. नणंदोई ते बघत राहिले. इंजिन सुरू करायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला.