गोदीच्या अंगणातले पॉइंट

साखरशेत गावातल्या गोदी नावाच्या बाईबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल चुकून काही बरं बोलले, तर ते खरंच असणार असं समजा.

आमची जीप जुनी, लाल, पेट्रोलवर चालणारी. माझा नवरा लाडक्या, त्याला मी सपनाचा बाबा म्हणते, त्याने ती एका लाकडाच्या ठेकेदाराकडून भंगारात जाता जाता वाचवली. बाकीच्या जीपा डिझेलच्या, माणसं कोंबून जव्हारला पळतात. आमची वरातीची. इकडे दाभोशापासून तिकडे खोडाळ्यापर्यंत लग्न ठरलं की नवरदेव आमच्याच जीपमधून निघणार. सपनाचा बाबा तिला पुसतो, तिच्याशी बोलतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाय. लोखंडावर कोण जळतं?

पण पेट्रोलच्या जुन्या गाडीत ठिणगी पाडायला दोन बारीक टिकल्या असतात. त्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात, त्यांना पॉइंट म्हणतात. चालून चालून त्या काळ्या पडतात. मग त्या घासायच्या आणि मधली फट बरोबर ठेवायची. फट चुकली की जीप खोकते, नायतर चालूच होत नाय. आणि ही फट बसवायला सपनाच्या बाबाला गोदीच लागायची.

गोदीचं माहेर खोडाळ्याकडचं. तिचा नवरा बाबल्या त्याच ठेकेदाराचा ड्रायव्हर होता. जंगलात गाडी बंद पडली की तो बोनेटमध्ये डोकं घालायचा आणि ही शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी. बाबल्याचे हात जाडे, आत जायचे नायत, म्हणून तो सांगायचा आणि ही करायची. तो तापाने गेला तेव्हा ती अजून तरणी होती. लोकांना वाटलं, माहेरी जाईल, दुसरं घर करेल. तिने काय केलं नाय. भात लावते, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली करते, आणि कोणाची जुनी गाडी, कोणाचा पाण्याचा पंप अंगणात उघडून बसते. नखं कायम काळी. ती नखं कोणाला आवडतील असं मला वाटायचं नाय, आणि तेच माझं चुकलं.

काम करताना ती विडीचं पान घेते. पॉइंट काडेपेटीच्या बाजूने घासते, मग पान दुमडून फटीत सरकवते. पान अडलं तर फट कमी, सैल गेलं तर जास्त. हे सगळं होईपर्यंत सपनाचा बाबा समोर उकिडवा बसून बघत राहतो, देवाला बसल्यासारखा.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण इकडची रीत अशी आहे की ज्याने पॉइंट बसवले त्याला पहिल्या फेरीला पुढं बसवायचं, आवाज ऐकायला. म्हणजे गोदी पुढच्या सीटवर. डोळे मिटून बसायची, मान हलवायची, मधेच म्हणायची, "लाडक्या, थोडा उशिरा पेटतोय." आणि मी? माझं लग्न होऊन, पोरगी सपना कॉलेजात गेली तरी मी मागं, भाताच्या गोणीवर. पुढं बसू का म्हटलं तर म्हणायचा, "पुढं नवरदेव बसतो, नायतर गोदी." मस्तकात जायचं माझ्या.

माझा भाऊ रूपेश नाशिकला गॅरेजात आहे. तो म्हणाला, आता इलेक्ट्रॉनिक किट मिळतं. पॉइंट काढून टाकायचे, तिथं एक लहान डबी बसवायची. घासायला नको, फट नको, काय झिजत नाय. मी त्याला परत विचारलं, "कोणाला दाखवायला पण लागत नाय?" तो म्हणाला, "कोणालाच नाय." माझा जीव भांड्यात पडला.

सपनाचा बाबा ऐकेना. "पॉइंट बिघडला तर रानात बसून घासता येतो. ही डबी गेली तर बसा माकडं मोजत." मी म्हटलं, "आणि पॉइंटची दर आठवड्याला जत्रा, ती?" तो फडकं घेऊन जीप पुसायला लागला.

मग खोडाळ्यात तमाशा झाला. भर बाजारात, तारपा वाजतोय, पोरी नाचतायत, आणि जीप खोकून गप्प झाली. बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला खाली उतरून धक्का मारावा लागला. लोक हसून हसून बेजार. सपनाचा बाबा घरी आला तो जेवला नाय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोखंड तापलं होतं. मी रूपेशला फोन लावला, तो सकाळच्या एसटीने आला आणि डबी बसवून गेला.

जीप काय चालली म्हणून सांगू. पहिल्या झटक्याला चालू. पूर्ण लग्नसराई गेली, एकदा खोकली नाय. साखरशेतचा रस्ता बंद झाला. मी मनातल्या मनात म्हणायचे, बस आता विडीची पानं कुरवाळत.

सपनाचा बाबा मात्र घरात मुका झाला. बोनेट उघडायचा, डबीकडे बघायचा, बंद करायचा. बोललं तर हं, विचारलं तर हं. मला वाटलं, होईल सवय.

मग एका दुपारी जेवण झालं, टोपी घातली आणि जीप काढून गेला. वरात नव्हती, बाजार नव्हता. मला कुठं ते सांगावं लागलं नाय. मागून गावातल्या माघ्याची डिझेलची जीप आली, मी हात केला.

गोदीच्या घराला कुडाची भिंत आहे. बाहेर उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू येतं. मी तयारीनेच गेले होते. झिंज्या धरायच्या, असं ठरवून. पण आतून सपनाच्या बाबाचा आवाज आला. तो आपल्या गुडघ्याचं सांगत होता. घाटात क्लच दाबताना कळ येते, कधीतरी पाय उचलणार नाय आणि नवरदेवासकट दरीत जाईन, अशी भीती वाटते म्हणाला. पावसाळ्यापासून दुखतोय. मला माहीत नव्हतं. त्याचे कपडे मी धुते, त्याच्या पुढ्यात भाकर मी वाढते, आणि त्याचा गुडघा मला कुडाच्या बाहेरून कळला.

गोदी म्हणाली, "बायकोला सांग की, मीनेला."

"तिला काय सांगू? ती घाबरेल, जीप विकायला लावेल."

"मग इकडे कशाला येतोस आता? पॉइंट नाय, काम नाय. लोक काय म्हणतील?"

तो म्हणाला, "बसायला."

झिंज्या धरायचं माझ्याकडून झालं नाय. तो तिच्यावर हात टाकताना दिसला असता तर मी ओरडले असते, माणसं जमवली असती. नुसतं बसायला आलेल्या माणसाला काय म्हणून ओढून न्यायचं? आधी तो पॉइंटसाठी यायचा. किती यायचा, कधी यायचा, ते पॉइंट ठरवायचे. ते मी काढून फेकले आणि आता तो तिच्यासाठीच आलेला होता.

मी आत गेले. दोघं दचकली. सपनाचा बाबा उठायला गेला तर गुडघ्यावर हात ठेवून उठला. मी त्याच्याकडे बघितलं नाय.

गोदीला म्हटलं, "बाय, ती डबी काढ. पॉइंट बसव."

"चांगली चालतेय की जीप, मीने."

"चालू दे. तू काढ."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाई हुशार आहे, तिला कळलं. तिने पाना-पक्कड आणि आपल्याकडचे पॉइंट घेतले आणि बोनेट उघडलं. फट लावून झाल्यावर ती पुढच्या सीटकडे गेली नाय, ओटीवरच थांबली. पुढची सीट रिकामी होती, तरी मी मागं गोणीवर बसले. पुढं बसून मला काय आवाज कळणार होता?

आता जीप पुन्हा खोकते. तो आठवड्याला साखरशेतला जातो, येताना अंधार पडतो. शेजारची भागी विचारते, लाडक्या कुठं गेला ग. मी ताठ मानेने सांगते, पॉइंट घासायला गेलाय.