ओळंबाकाकांनी फोडलेला गिलावा

भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला जड गोळा बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. आपल्या या गवंड्याला सगळे ओळंबाकाकाच म्हणत, कारण त्यांना वाकडं काही खपत नसे, भिंत असो की माणूस. उभ्या आयुष्यात स्वतःचं काम फोडायची वेळ आली नाही, हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवत.

बागवाल्या बाईंनी त्यांना बोलावलं ते फळं भरायच्या शेडसाठी. छपराखाली भिंतीला फट होती आणि फटीत वटवाघळं.

"मेली आंधळी! केसांत शिरतात, रक्त पितात, वर माझी फळंही खातात. बुजवून टाका," बाई म्हणाल्या. "हे जमलं तर नव्या घराचं कामही तुमचंच."

घरून काकूंची ताकीद होती, "मुका जीव आत कोंडू नका हं." म्हणून काका संध्याकाळपर्यंत थांबले. वटवाघळं भुर्रकन बाहेर पडली, फट रिकामी झाली, मग त्यांनी विटांचे तुकडे बसवले आणि असा गिलावा केला की फट होती हे सांगूनही पटू नये. स्वारी खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते गिलाव्याला पाणी मारायला आले, नाहीतर तो तडकतो. पाणी मारता मारता हात थबकला. आतून बारीक किचकिच येत होती. काकांनी भिंतीला कान लावला आणि सगळं लक्षात आलं. आया खायला बाहेर पडल्या होत्या, तान्ही मागेच राहिली होती. काकांनी पोरं भिंतीत चिणली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप घरी जाता आलं असतं. काका तडक बाईंकडे गेले.

"बाई, फोडावं लागेल. चुकलं माझं. आत पिल्लं आहेत."

"मग बरंच झालं की!"

"नव्या घराचं काम दुसऱ्याला द्या. पण हे मी फोडणार."

हातमोजे चढवून काकांनी छिन्नी-हातोडा घेतला. बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून तणतणत मागे आल्या. गिलाव्याबरोबर फटीतला कचराही खाली पडला: लेंड्या आणि पतंगांचे पंखच पंख. बाईंनी काडीने एक पंख उलटा केला आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदम थांबला.

"अहो, हा तर माझ्या फळांत अळ्या सोडणारा पतंग! आणि यात ना साल, ना बी..."

"फळं खाणारी ती मोठी, झाडाला लटकणारी," काका म्हणाले. "तीसुद्धा बिया लांब नेऊन टाकतात, रानं वाढवतात. ही चिमुकली नुसते किडे खातात."

"आणि मी यांनाच हाकलायला निघाले होते!"

तोवर आया घिरट्या घालू लागल्या होत्या. बाईंच्या कानाजवळून जात, पण एकीचाही धक्का लागला नाही.

"आंधळ्यांना एवढं नेमकं जमतं होय?" काका हळूच म्हणाले.

फटीच्या तोंडाशी एक पिल्लू निपचित पडलं होतं. काकांनी ते अलगद उचलून बाजूला ठेवलं. पण आतली किचकिच थांबली नव्हती. एक आई फटीच्या काठाला चिकटली, बिचकली आणि उडून गेली.

बाईंनी काकांचा हात धरून त्यांना मागे ओढलं. डोक्यावरचा टॉवेल केव्हाच खांद्यावर आला होता.

"या गं बायांनो," त्या अंधारात म्हणाल्या, "या. तुमची लेकरं उपाशी आहेत."