शर्मिष्ठेचा मधला तारा

“फिट की अनफिट, एवढंच सांगा डॉक्टर. त्याच्या आकाशात मला इंटरेस्ट नाही,” साइट इंजिनीअर म्हणाले. शेजारी त्यांचा सर्व्हेअर हरिश्चंद्र चुरी मान खाली घालून बसला होता.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं आणि पालघरला माझा डोळ्यांचा दवाखाना होता. चुरी चिंचणीचा, बागायती वाडी असलेल्या घरातला, चाळिशी ओलांडलेला. आखणीला खरी उत्तर दिशा लागते. ती तो अंधार पडल्यावर ध्रुवावर दुर्बीण रोखून काढायचा. ध्रुव शोधायला आधी शर्मिष्ठा बघायची, पाच ताऱ्यांची, इंग्रजी एम अक्षरासारखी. तिचा मधला तारा मंद झालाय, असं तो साइटवर सहज बोलून गेला. इंजिनीअरांनी त्याला थेट माझ्याकडे आणलं. नजर अधू ठरली तर नोकरी जाणार होती.

“बाकीचे चार?” मी विचारलं.

“ते हायत तसेच. लहानपणी आजा दाखवायचा तवा मधला सगळ्यांत जोरात. आता शेजाऱ्यांच्या बरोबरीचापण नाय.”

मी तक्ता वाचायला दिला. सगळ्यात खालची ओळ त्याने घडाघडा वाचली. मी गोंधळलो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. त्याने सगळेच तारे मंद दिसतील. डोळ्यामागच्या पडद्यावर डाग असेल, तर ज्या ताऱ्याकडे बघाल तो पुसट होईल, मग तो कुठलाही असो. पाचांतला नेमका एकच मंद करणारा रोग मी पुस्तकात वाचलेला नव्हता.

दिवेलागणीनंतर त्याला गच्चीवर नेलं. एक डोळा झाकून बघा म्हटलं, मग दुसरा.

“दोन्हींनी सारखाच, डॉक्टर. तुमाला कसा दिसतो?”

मलाही मंदच दिसला. पण आधी कसा दिसायचा, हे मला कुठं ठाऊक होतं? मी जन्मात त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

इंजिनीअरांची माणसं दोनदा विचारून गेली. सुरक्षित म्हणून अनफिट लिहावं, असं मनात आलं. तेव्हा घरी मेहुणा आला होता. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याला सांगितलं तर तो जेवता जेवता हसत सुटला.

“दाजी, औषध ताऱ्याला द्या! तो खरंच मंद झालाय.”

मग त्याने समजावलं. तो तारा अतितप्त आहे, आणि स्वतःभोवती इतका गरगर फिरतो की कमरेला फुगतो. तिथून वायू बाहेर पडतो आणि त्याचं कडं बनतं. कडं बदललं की उजेड कमीजास्त. जोडीला एक अंधुक साथीदार ताराही आहे. चुरीच्या लहानपणी हा मधला तारा मध्येच खूप उजळला होता, मग उतरला. चुरीची आठवण आणि नजर, दोन्ही बरोबर होत्या.

मी आनंदाने त्याला बोलावलं आणि सगळं सांगितलं.

“म्हंजे मी खोटा नाय?”

“मुळीच नाही. तुम्ही फिट.”

तो हसत उठला, दाराकडे वळला आणि डावीकडच्या स्टुलावर धडकला. “हा इथं कवा ठेवला?” तो खाली बघत म्हणाला.

मी त्याला परत बसवलं. समोर बघायला सांगून कडेने बोटं हलवली. डावीकडची बोटं त्याला अगदी जवळ आल्यावर दिसली, उजवीकडचीही उशिराच. डोळ्यातला दाब मोजला. फार चढलेला होता. काचबिंदू. यात कडेची नजर हळूहळू जाते, समोरचं मात्र बराच काळ स्वच्छ दिसतं. गेलेली नजर परत येत नाही. दाब मोजणं दोन मिनिटांचं काम, आणि मी इतके दिवस गच्चीवर तारे बघत होतो. त्याची टोचणी अजून आहे.

यंत्रांच्या गर्दीत त्याला फिरू देणं धोक्याचं होतं. मी इंजिनीअरांना तसं सांगितलं, आणि नोकरीवरून काढू नका म्हणून हात जोडले. ते बराच वेळ कुरकुरले, मग त्याला नकाशे काढायला बसवलं. ध्रुवावर दुर्बीण रोखणं मात्र सुटलं. मी थेंब चालू केले. त्या थेंबांनी दाब उतरतो, पण बाहुली बारीक होते आणि अंधारात कमी दिसतं.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, “आता पाची मंद दिसतात, डॉक्टर. इंजिनीअरसायबाला सांगू नका, परत धाडेल तुमच्याकडं.”

त्याची उरलेली नजर टिकली. मी तेव्हापासून रुग्णाच्या डोळ्यातला दाब आधी मोजतो. त्याची तक्रार मग ऐकतो, कितीही रंजक असली तरी.